बरोक संगीत आणि आरंभीचा ऑपेरा

साधारणपणे १६०० ते १७५० या काळातील युरोपीय कलासंगीताला बरोक संगीत म्हणतात. या कालखंडाच्या अगदी उंबरठ्यावर इटलीत ऑपेरा जन्माला आला. हा योगायोग नव्हे; दोन्हींच्या मुळाशी एकच बदल आहे. त्याआधीच्या शतकातले मोठे संगीत चार, पाच, सहा समान मानाच्या आवाजांच्या विणीतून उभे राही आणि त्यात कुणी कुणाचा साथीदार नसे. १६००च्या सुमारास ही वीण सैल झाली आणि दोन टोके ठळक झाली : वर एकटा गाणारा आवाज आणि खाली त्याला तोलून धरणारी खर्जाची ओळ. मधली जागा वादकाने आयत्या वेळी भरायची. या खालच्या ओळीला बास्सो कंतिन्यूओ किंवा नुसते कंतिन्यूओ म्हणतात. सोयीसाठी ठरवलेल्या तारखांपेक्षा तीच या युगाची खरी खूण होय. जर्मन संगीतशास्त्रज्ञ ह्यूगो रीमान याने तर या काळाचे नावच तिच्यावरून ठेवले.

कंतिन्यूओसाठी बहुधा दोघे लागतात. चेलो, व्हिओला दा गांबा ही गजाची वाद्ये किंवा बसून (बासून) हे फुंकवाद्य यांपैकी एखादे वाद्य खर्जाची ओळ वाजवते. हार्पसिकॉर्ड, ऑर्गन किंवा थिओर्बो हे लांब मानेचे ल्यूट (छेडून वाजवायचे तंतुवाद्य) त्या ओळीवर कॉर्ड, म्हणजे एकमेकांशी जुळणारे स्वरसमूह, उभे करते. संगीतकार खर्जाच्या स्वरांपाशी नुसते आकडे लिहितो. आकडा नसेल तर त्या स्वरापासूनचा तिसरा आणि पाचवा स्वर घ्यायचा, ६ असेल तर तिसरा आणि सहावा. ते स्वर कोणत्या सप्तकात घ्यायचे, एकदम दाबायचे की उलगडत न्यायचे, गायकाने श्वास घेतला की काय करायचे, हे सगळे वादकावर सोपवलेले असते. लोदोव्हिको व्हियादाना याने १६०२ मध्ये व्हेनिसमध्ये छापलेल्या चर्चसंगीताच्या संग्रहामुळे ही पद्धत दूरवर पोहोचली. पाश्चात्त्य संगीत म्हणजे शेवटच्या स्वरापर्यंत लिहून ठेवलेले संगीत, हा आपल्याकडचा समज या दीडशे वर्षांना लागू पडत नाही. बरोक संगीतलेखन मुद्दामच अपुरे असते.

ऑपेराचा उगम फ्लॉरेन्समध्ये झाला. १५७०च्या दशकापासून काउंट जोव्हान्नी दे बार्दी याच्या घरी कवी, गायक आणि विद्वान जमत. ही मंडळी पुढे कामेराता या नावाने ओळखली गेली. प्राचीन ग्रीक शोकांतिका आरंभापासून शेवटपर्यंत गायल्या जात, असे ग्रीक विद्येचा अभ्यासक जिरोलामो मेई याचे मत होते आणि तो ते रोमहून पत्रांनी कळवत असे. त्याच्या विचारांवर विन्चेन्झो गालिलेई याने १५८१ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला : अनेक आवाज एकाच वेळी वेगवेगळे शब्द उच्चारू लागले की अर्थ बुडतो, म्हणून एकाच आवाजाने शब्दाच्या भावाला धरून गावे. हा विन्चेन्झो म्हणजे खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचा वडील, स्वतः ल्यूटवादक. ग्रीक संगीत प्रत्यक्षात कसे होते हे या मंडळींपैकी कुणी ऐकलेले नव्हते. एका तर्काच्या आधारावर त्यांनी नवा कलाप्रकार उभा केला आणि तो टिकला, ही संगीताच्या इतिहासातली मोठी गंमत आहे.

याकोपो पेरी याने ओत्ताव्हिओ रिनुच्चीनीच्या संहितेवर केलेला ‘दाफ्ने’ (१५९८) हा पहिला ऑपेरा मानला जातो; त्याचे संगीत बहुतांशी हरवले आहे. संपूर्ण उपलब्ध असलेला सर्वांत जुना ऑपेरा म्हणजे याच जोडीचा ‘एउरिदीचे’. मारिया दे मेदिची आणि फ्रान्सचा राजा चौथा हेन्री यांच्या विवाहानिमित्त ६ ऑक्टोबर १६०० रोजी फ्लॉरेन्सच्या पित्ती राजवाड्यात तो सादर झाला. मेलेल्या पत्नीला, एउरिदीचेला, परत आणायला पाताळात जाणारा पुराणकथेतला गायक ऑर्फेओ, त्याची भूमिका स्वतः पेरीने केली. जूलिओ काच्चीनी या प्रतिस्पर्ध्याने मात्र आपल्या शिष्यांना पेरीच्या चाली गाऊ दिल्या नाहीत, त्यांच्यासाठी स्वतःच्या बसवल्या. शिवाय त्याच संहितेवरचा आपला ऑपेरा पेरीच्या आधी छापूनही टाकला. त्याचीच मुलगी फ्रान्चेस्का काच्चीनी. १६२५ मध्ये फ्लॉरेन्समध्ये सादर झालेली तिची कृती हा स्त्रीने रचलेला पहिला ज्ञात ऑपेरा होय.

या नाटकांतील बोलण्याच्या लयीने जाणाऱ्या गाण्याला रेचितातिव्ह म्हणतात. खर्ज लांब धरून ठेवलेला असतो आणि त्यावर आवाज वाक्याच्या चढउताराप्रमाणे फिरतो. ताल असा जाणवत नाही. मराठी संगीत नाटकात गद्य संवाद थांबतो आणि पद सुरू होते. इथे संवादच गायला जातो. कथा रेचितातिव्हमधून पुढे सरकते. पात्र एखाद्या भावनेपाशी थांबले की बांधीव चालीची आरिया येते.

या कच्च्या प्रयोगांना खरे नाट्य दिले ते क्लाउदिओ मोंतेव्हेर्दी (१५६७–१६४३) याने. त्याचा ‘ऑर्फेओ’ फेब्रुवारी १६०७ मध्ये मांतुआच्या ड्यूकच्या राजवाड्यात झाला. त्यात वाद्यांचा रंग प्रसंगानुसार बदलतो : पाताळासाठी ट्रॉम्बोन आणि कॉर्नेट, मृतांचा नावाडी कारोन याच्यासाठी रीगल या छोट्या ऑर्गनचा घोगरा आवाज. ऑर्फेओ नावाड्याची विनवणी करतो त्या गाण्याच्या छापील प्रतीत गायकासाठी दोन ओळी दिल्या आहेत, एक साधी आणि दुसरी ताना-हरकतींनी भरलेली. गायकाकडून काय अपेक्षित होते याचा इतका बोलका पुरावा क्वचितच मिळतो. पुढच्या वर्षीच्या ‘आरियान्ना’मधला विलाप तेवढा उरला आहे, बाकीचे संगीत गेले. मोंतेव्हेर्दी नियम मोडतो अशी टीका जोव्हान्नी आर्तूझी याने १६०० मध्ये छापली होती. त्यावर, आपली रीत दुसरी आहे, असे उत्तर मोंतेव्हेर्दीने १६०५ मध्ये दिले. या दुसऱ्या रीतीत शब्द हा मालक आणि स्वररचना त्याची सेवक.

१६३७ मध्ये व्हेनिसला सान कासियानो नाट्यगृह उघडले आणि पैसे मोजणाऱ्या कुणालाही ऑपेरा पाहता येऊ लागला. माझ्या मते ऑपेराचा दुसरा जन्म इथलाच. दरबारी खर्च संपला, तसे मोठे कोरस आणि वाद्यांचा ताफा आटला. प्रेक्षक गायकांसाठी येऊ लागले, तशा आरिया वाढल्या. मोंतेव्हेर्दीचा अखेरचा ऑपेरा ‘पोप्पेआचा राज्याभिषेक’ (१६४३) या बाजारातलाच. त्यात देवदेवतांऐवजी रोमचा सम्राट नीरो आणि त्याची प्रेयसी आहे आणि जिंकते ती वासना. शेवटचे सुंदर युगुलगीत मोंतेव्हेर्दीचे नसावे असे बहुतेक अभ्यासक मानतात.

हे युगुलगीत आणि त्या काळातील असंख्य विलाप ग्राउंड बास या रचनेवर उभे आहेत : खर्जाचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येत राहतो आणि वरची चाल दरवेळी नवी वाट काढते. खाली उतरणारे चार स्वर ही शोकाची ठरलेली खूण झाली. तिचा कळस इंग्लंडमध्ये हेन्री पर्सेलच्या ‘डायडो अँड ईनिअस’मध्ये दिसतो. लंडनजवळच्या चेल्सी इथल्या मुलींच्या शाळेत १६८९पर्यंत तो झालेला होता. मरणाऱ्या राणीच्या अखेरच्या गाण्यात पाच मात्राखंडांचा खर्ज अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरत राहतो आणि तिचे वाक्य खर्जाच्या आवर्तनाशी जुळता जुळत नाही.

फ्रान्समध्ये फ्लॉरेन्सलाच जन्मलेल्या ल्युलीने चौदाव्या लुईच्या आश्रयाने नृत्याला महत्त्व देणारा वेगळा ऑपेरा घडवला. पुढे रामोने त्यात भर घातली. इटलीत आलेस्सांद्रो स्कार्लात्तीच्या पिढीने दा कापो आरिया रूढ केली : पहिला भाग, वेगळ्या भावाचा दुसरा, मग पुन्हा पहिला, पण आता गायकाच्या अलंकारांसह. ही मुख्यतः कास्त्रातोंची करामत होती. वयात येण्याआधी वृषणछेद केलेल्या या गायकांचा आवाज बालपणीच्या सप्तकात राही आणि छाती प्रौढ पुरुषाची असे. त्यांतला फारिनेल्ली युरोपभर गाजला. त्या आवाजाच्या मोहापायी मुलांवर जे लादले गेले ते क्रूर होते, हे त्या वैभवाबद्दल लिहिताना विसरता येत नाही. हँडेलने लंडनमध्ये ‘रिनाल्दो’पासून (१७११) तीस वर्षे इटालियन ऑपेरा लिहिले आणि मग तो इंग्रजी ओराटोरिओकडे वळला. त्याचा ‘मसाया’ १७४२ मध्ये डब्लिनला प्रथम झाला.

ओराटोरिओ म्हणजे वेशभूषा आणि अभिनयाशिवाय गायलेली, बहुधा बायबलमधली कथा. तिची घडण रोमची. कारिस्सिमी हा तिचा पहिला मोठा रचनाकार. याच रोममध्ये १६०६च्या कार्निव्हलला रस्त्यातून फिरणाऱ्या गाड्यावर पाओलो क्वाल्यातीचे संगीत गायले गेले. त्याचे शब्द पिएत्रो देल्ला व्हाल्ले याचे होते. हाच गृहस्थ प्रवासी म्हणून १६२३ मध्ये गोव्यात उतरला. सेंट फ्रान्सिस झेवियरच्या सन्मानार्थ जेझुइटांनी तिथे केलेल्या नाट्यप्रयोगाचे वर्णन त्याच्या पत्रांत आहे. रोमला परतल्यावर १६४० मध्ये त्याने आपल्या काळाचे संगीत जुन्यापेक्षा कमी नाही असे ठासून सांगणारा निबंध लिहिला.

वाद्यसंगीतही याच दोन टोकांवर उभे राहिले. कोरेल्लीच्या ट्रायो सोनाटांत वर दोन व्हायोलिन आणि खाली कंतिन्यूओ असते. त्याच्या कोंचेर्तो ग्रोस्सोत वादकांचा छोटा गट मोठ्याशी बोलतो. व्हिव्हाल्दीने व्हेनिसच्या पिएता अनाथालयातील मुलींसाठी कोंचेर्तोंचा पाऊस पाडला. वाद्यवृंदाचा फिरून येणारा भाग म्हणजे रितोर्नेल्लो आणि त्याच्या मधल्या जागेत एकल वादक, हा त्याचा साचा. ‘चार ऋतू’ १७२५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला छापले गेले. स्वीट ही नृत्यांची माळ; आलमांद, कुरांत, साराबांद आणि जिग हे तिचे मुख्य मणी. फ्यूगमध्ये एक विषय, म्हणजे छोटी चाल, एकामागून एक आवाज उचलतात. म्हणजे जुनी समान आवाजांची वीण इथे नव्या खर्जासह परत आली आणि ती योहान सेबास्टिअन बाख (१६८५–१७५०) याच्या हाती पडली. त्याने ऑपेरा एकही लिहिला नाही, तरी ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ या ख्रिस्ताच्या अखेरच्या यातनांच्या गायनकथेमध्ये ऑपेराचे रेचितातिव्ह आणि दा कापो आरिया दोन्ही आहेत.

बाखच्या मुलांच्या पिढीत मधले स्वर संगीतकारच लिहून देऊ लागले आणि कंतिन्यूओवादकाचे काम हळूहळू संपले. मेंडेल्सझोनने १८२९ मध्ये बर्लिनला ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ पुन्हा सादर केले, पण आपल्या काळातल्या वाद्यांवर. आतड्याच्या तारा, त्या काळचे गज आणि ४१५ हर्ट्झचा, म्हणजे आजच्यापेक्षा सुमारे अर्धा स्वर खाली लावलेला ‘ए’ हा वाद्ये जुळवण्याचा स्वर, हे विसाव्या शतकात रुळले. त्याबरोबर आकडे वाचून आयत्या वेळी साथ रचणारा वादकही परतला. ‘ऑर्फेओ’चे एकाच वर्षातले दोन प्रयोग एकसारखे वाजत नाहीत ते मुख्यतः त्याच्यामुळे.