लिनक्सचा आवाज आणि कोकणातली खारी हवा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. तेव्हापासून जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे तिचे मिंट नाहीतर उबुंटू हे प्रकार, टाकून घेणारे कुडाळ-मालवणकडेही भेटू लागले आहेत. मशीन पळायला लागतं, सगळे खूश असतात, आणि मग एक दिवस गाऱ्हाणं येतं, "आवाजच येणा नाय." त्यावर ठरलेला सल्ला असतो : फॉरमॅट मारून परत टाक. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. त्यात अर्धा दिवस जातो आणि बिघाड लिनक्समध्ये नसेल तर तो जागच्या जागी राहतो. आवाज फाइलपासून स्पीकरपर्यंत चार-पाच टप्प्यांतून जातो आणि लिनक्समध्ये त्यातला जवळपास प्रत्येक टप्पा उघडून बघता येतो. तेव्हा आधी तो कुठल्या टप्प्यावर अडलाय ते शोधावं.

फाइलमधला आवाज म्हणजे आकड्यांची रांग. सीडीच्या दर्जाला सेकंदाला ४४,१०० आकडे लागतात, आजचे बहुतेक लॅपटॉप ४८,००० वर चालतात. गाणं वाजवणारा प्रोग्रॅम ही रांग पाइपवायरकडे देतो. व्हिडिओ, ब्राउझर, कॉल अशा सगळ्यांचे आवाज एकत्र मिसळणं आणि ते कुठे पाठवायचे हे ठरवणं ही पाइपवायरची कामं. २०२१ साली फेडोरा ३४ या लिनक्सच्याच एका प्रकाराने ते ध्वनीसाठी स्वीकारलं, पुढे उबुंटू आणि मिंटमध्येही आलं. त्याआधी हे काम पल्सऑडिओ करायचं. पाइपवायरच्या खाली अल्सा, म्हणजे साउंड कार्डाशी बोलणारा कर्नलचा, लिनक्सच्या गाभ्याचा, भाग. २००३ च्या २.६ कर्नलपासून तोच रूढ आहे. त्याच्या खाली कोडेक चिप, जी आकड्यांचा विद्युत्दाब करते. सगळ्यात शेवटी स्पीकर.

सेटिंगमध्ये साउंडच्या पानावर 'डमी आउटपुट' दिसलं तर पाइपवायरला एकही कार्ड सापडलेलं नाही. प्रोग्रॅम अडून बसू नयेत म्हणून त्याने एक खोटं कार्ड उभं केलंय आणि सगळा आवाज तिथे ओतला जातोय. अशा वेळी आवाजाची पट्टी वर-खाली करण्यात अर्थ नाही. इंटेलच्या अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपांत ध्वनीसाठी वेगळा छोटा प्रोसेसर असतो आणि त्याला सुरू होताना साउंड ओपन फर्मवेअर, म्हणजे त्या चिपमध्ये भरायचा छोटा प्रोग्रॅम, लागतं. ते नसेल तर कार्ड जागंच होत नाही. डेबियन या लिनक्सच्या आणखी एका प्रकाराच्या जुन्या आवृत्त्यांत असं फर्मवेअर वेगळं आणावं लागे. २०२३ च्या डेबियन १२ पासून इन्स्टॉलरच्या फाइलीतच फर्मवेअर येऊ लागलं. कार्ड दिसतंय पण आउटपुट एचडीएमआयवर, म्हणजे टीव्ही-प्रोजेक्टरच्या वायरीवर, गेलंय, हा आणखी एक नेहमीचा प्रकार. मंडपात प्रोजेक्टर जोडला की तो हमखास होतो, आणि एका क्लिकवर सुटतो.

किनाऱ्यावरच्या लॅपटॉपांत मात्र मी आधी हेडफोनचं भोक बघतो. भोकाच्या आत एक बारीक पत्री असते. पिन घातली की ती सरकते आणि एक सर्किट जुळतं किंवा तुटतं. त्यावरून कोडेक चिपला कळतं की हेडफोन लागला. ती कर्नलला तसं सांगते, आणि 'ऑटो-म्यूट' चालू असेल तर स्पीकर बंद होतात. आता यात समुद्र आणा. लाटा फुटताना उडालेले मिठाचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर आत येतात आणि खिडकीच्या गजांवर बसतात तसे या पत्रीवरही बसतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात कोकणातली आर्द्रता बहुतेक वेळ याच्या वरच असते. शिवाय एकदा ओला झालेला हा थर पुन्हा सुकायला हवा ७५ पेक्षा बरीच खाली यावी लागते, त्यामुळे दोन दिवस ऊन पडलं म्हणून तो जाईलच असं नाही. मिठाचं पाणी वीज वाहून नेतं आणि क्लोराइडमुळे धातू गंजतो. वीज जायला नको तिथून जाते, जायला हवी तिथे गंज आडवा येतो. लिनक्सला वाटतं हेडफोन लागलाय, आणि भोक तर रिकामं!

हे ओळखणं सोपं आहे. पिन काढलेली असताना साउंडच्या पानावर 'हेडफोन' दिसत असेल तर संशय पक्का. मग टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, अल्सामिक्सर उघडा, एफ ६ दाबून खरं साउंड कार्ड निवडा. उभ्या पट्ट्या दिसतील. पट्टीखाली दोन एम असतील तर तो मार्ग म्यूट आहे, एमचंच बटण दाबून तो उघडा. उजवीकडे सरकत गेलं की बऱ्याच मशीनांवर 'ऑटो-म्यूट मोड' सापडतो. तो बंद केल्याबरोबर स्पीकर बोलू लागले तर दोष पत्रीचा. लॅपटॉप पूर्ण बंद करून, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा काँटॅक्ट क्लीनर पिनेला लावा, पिन काही वेळा आत-बाहेर करा आणि सुकू द्या. खोबरेल तेल नको आणि सेफ्टी पिन तर नकोच, पत्री वाकली की उरलेलं भोकही गेलं. जिथे साफ करूनही भागत नाही तिथे एचडीए जॅक रीटास्क नावाचं साधन आहे. त्या भोकाने दिलेली खबर ऐकूच नकोस, असं ड्रायव्हरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, त्यातून सांगता येतं.

आवाज येतो पण मध्येच तडतडतो, हा वेगळा मामला. प्रोसेसर आकडे ठोकळ्यांनी देतो, कोडेकला मात्र ते अखंड, एका लयीत लागतात. विहिरीवरचा रहाट पाणी हबकत ओततो, पण दोण भरलेली असली की पोफळींकडे जाणारा पाट सलग वाहतो. बफर म्हणजे ती दोण. ती रिकामी पडली की आवाजाला खंड पडतो आणि कानाला तडतड ऐकू येते. बफर मोठा केला की ती थांबते, पण उशीर वाढतो. ४८,००० च्या वेगाला १,०२४ आकड्यांचा बफर म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद. नुसती गाणी ऐकणाऱ्याला ते जाणवतही नाही. डबलबारीची, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याची, तयारी रेकॉर्ड करताना बुवांनी हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज ऐकायचा म्हटलं तर मात्र गोष्ट बदलते. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून सात मीटरहून जास्त जातो, म्हणजे पखवाजवाल्याला खळ्याच्या पार टोकाला बसवल्यासारखं होतं. त्यात माइककडून येताना आणि कानाकडे जाताना असा दोन्हीकडे बफर, म्हणून उशीर आणखी वाढतो. १२८ आकड्यांवर आणलं तर एका बफरचा उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत येतो, हवेतलं अंतर म्हणाल तर मीटरभराहून कमी. जुन्या मशीनला ते झेपेलच असं नाही. २५६, ५१२ करत तडतड थांबेल तिथे थांबावं.

पहिलंच अक्षर गिळलं जातं, गजराच्या सुरुवातीचा टाळ ऐकूच येत नाही, असं असेल तर बफरला हात लावू नका. वीज वाचवायला ड्रायव्हर काही सेकंदांच्या शांततेनंतर कोडेकला झोपवतो आणि उठायला तिला क्षणभर लागतो. कधी उठताना 'टक्' असा आवाजही येतो. ड्रायव्हरची ही बचत बंद करता येते.

ब्लूटूथ हेडफोनबद्दल एवढंच : नुसतं ऐकताना दोन कानांचा चांगला आवाज येतो, पण एखाद्या प्रोग्रॅमने हेडफोनचा माइक उघडला की जोडणी कॉलच्या प्रकारात जाते. मग सेकंदाला ८,००० किंवा १६,००० आकडेच उरतात, तेही एकाच वाहिनीचे. आकड्यांच्या वेगाच्या निम्म्याहून वरचे स्वर त्यात मावत नाहीत, म्हणून ४ किंवा ८ किलोहर्ट्झच्या वरचा झांजेचा झणकार साफ जातो. माइक लॅपटॉपचा निवडा, हेडफोन मूळ प्रकारावर ठेवा, झणकार परत येईल.

राहिली घरघर. बाहेरच्या स्पीकरमधून अखंड 'हूं' येत असेल तर चार्जर काढून बघा. बॅटरीवर ती गेली तर ती वीजपुरवठ्यातली ५० हर्ट्झची गुणगुण आहे, जमिनीच्या जोडणीतून ध्वनीच्या वायरीत शिरलेली. लाइट गेल्यावर साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर तीच कर्कश होते, कारण त्या लहरीत १५०, २५० अशा वरच्या कंपनांचीही भर असते. जांभ्याची जमीन मे महिन्यात कोरडीठाक पडली की अर्थिंगही कमजोर होतं. इथे पाइपवायरच्या फाइली उघडत बसू नये, वायरमनला बोलवावं.