बर्डीवरची ‘बैग’

नागपुरात बर्डीच्या मेन रोडवर एका दुकानाच्या पाटीवर ‘बॅग’ लिहिलंय, चार पावलांवरच्या दुकानात ‘बैग’. पहिलीतल्या भाच्याने ही पुढची पाटी मोठ्याने वाचली अन् विचारलं, “मावशी व, बइग म्हंजे काय?”

पोरगं चुकलं नव्हतं. मराठीतला ‘ऐ’ अ पासून निघून इ कडे सरकतो. आपला पैसा ‘पइसा’च असतो. हिंदीत तोच ऐ बहुतेक शब्दांत एका जागी थांबतो, तोंड ए पेक्षा जास्त उघडून. म्हणून हिंदीवाल्यांचं ‘बैग’वर भागतं, आपल्याला डोक्यावर चंद्र काढावा लागतो. 1956 पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या या शहरात दोन्ही वाचनं एकाच रस्त्यावर नांदतात.

असा घोळ टाळायलाच आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी आहे. ती तयार करणारी संस्था 1886 साली पॅरिसमध्ये सुरू झाली. तिथे खूण ध्वनीची, अक्षराची नाही. ‘बॅग’मधल्या स्वराला रोमन ए आणि ई एकमेकांना चिकटवलेली खूण, तर ‘घर’मधल्या अ ला चक्क उलटं टांगलेलं छोटं ई. खूण ठरते ती जीभ किती वर, किती पुढे आणि ओठ गोल की पसरट यावरून.

करून बघा. लांब ‘ई’ म्हणा आणि जीभ जराही न हलवता ओठांचा चंबू करा. तोंडाची नळी लांबते, नाद खाली उतरतो आणि फ्रेंच-जर्मन लोकांचा एक स्वर हाती लागतो. ध्वनिलिपीत त्याची खूण रोमन वाय. देवनागरीत ‘यू’ लिहाल, तर आधी य घुसतो आणि जीभही मागे पळते.

पण अनवट स्वरासाठी पॅरिसला कशाला जायचं? त्याच दुकानाच्या दारावर ‘जुनी दप्तरं दुरुस्त करून मिळतील’ असा पुठ्ठा होता. भाच्याने ‘दप्तरं’ नाकातून वाचलं. शाळेत शिकवतात तसंच! खरं तर तिथे नाकाचं काही काम नाही, शेवटचा अ फक्त लांबतो. ‘घर’ आणि ‘घरं’ म्हणून पाहा: पहिल्यात शेवटचा अ गळतो, दुसऱ्यात रेंगाळतो. ध्वनिलिपी तिथे उलट्या ई पुढे विसर्गासारखी दिसणारी दीर्घत्वाची खूण ठेवते. 2009 च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत जागा दिली, स्वर 14 झाले. हा लांब अ मात्र अजून टिंबावरच भागवतोय.