काम पालिकेचं, पगार ठेकेदाराचा

करोनाच्या काळात ठाणे-नवी मुंबईतल्या कंत्राटी सफाई कामगारांची जी ओढाताण झाली, तिची मुळं फार जुनी आहेत.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. घरं सोडून लोक गावाकडे निघाले, तेव्हा पालिकेला मोठी धास्ती होती ती हलालखोर, म्हणजे मैला उचलणारे, निघून जातील याची. ते गेले असते तर शहर राहण्याजोगं उरलं नसतं. त्यांना जखडणारा कायदा मात्र साथीच्या आधीपासूनच होता. १८९० च्या मुंबई म्युनिसिपल सर्व्हंट्स ॲक्टनुसार सफाई कामगाराने नोटीस न देता काम सोडलं तर तुरुंग. डोक्यावरून मैला वाहणाऱ्या माणसाला हवं तेव्हा काम सोडण्याचाही हक्क नसावा, हे आज वाचतानाही अंगावर येतं. पुढे प्लेगमुळेच १८९७ चा साथरोग कायदा आला. सरकारला त्याने अफाट अधिकार दिले, पण साथीत राबणाऱ्याच्या मजुरीबद्दल त्यात अक्षर नाही. २०२० मध्ये हाच कायदा पुन्हा लागू झाला.

मधल्या काळात मालक बदलला. ठाणे महापालिका १९८२ ची, नवी मुंबईची १९९२ ची. शहरं झपाट्याने वाढली आणि झाडलोट, कचरा वाहतूक ठेकेदारांकडे गेली. ठेकेदाराने पगार थकवला तर तो मूळ मालकाने, म्हणजे इथे पालिकेने, द्यावा, असं १९७० चा कंत्राटी कामगार कायदा तेव्हा सांगत होता. प्रत्यक्षात कामगार पालिकेत गेला की ‘ठेकेदाराला विचार’ आणि ठेकेदाराकडे गेला की ‘पालिकेचं बिल आलं नाही’. मुकादमाशी वाद घातला तर उद्याची हजेरी जाते, ही भीती वेगळीच.

२९ मार्च २०२० ला केंद्राने टाळेबंदीतही पूर्ण पगार द्यायचा आदेश काढला. मे महिन्यात तो मागे घेतला. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसात बोलून तोडगा काढावा असं म्हटलं. आपसात, म्हणजे निविदेगणिक बदलणाऱ्या ठेकेदाराशी. एप्रिलच्या अध्यादेशाने आरोग्यसेवकांवरचा हल्ला अजामीनपात्र केला, ते गरजेचंच होतं. पण पगार अडवणं हा त्यात गुन्हा नव्हता. शिवाय २३ मार्चपासून लोकल बंद होती. अत्यावश्यक कर्मचाऱ्यांसाठीही ती १५ जूनलाच सुरू झाली. तोवर बदलापूर-टिटवाळ्याहून पहाटेच्या पाळीला पोचणं ज्याला जमलं नाही, त्याच्या नावापुढे खाडा पडायचा.