काटा रुतला की पाय काहून सुजते? सुजेमागची जुनी गोष्ट

मागच्या खरिपात डवरणी चालू असताना बाबांच्या टाचेत बाभळीचा काटा गेला. त्यांनी धुऱ्यावर बसून दुसऱ्या काट्यानं तो कोरून काढला न् पुन्हा डवऱ्यामागे लागले, टोक आतच मोडलंय हे काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी टाच लाल, तिसऱ्या दिवशी टरटरीत, हात लावला तर गरम, आणि रात्रभर ठणका. आजीनं निकाल दिला, "काट्यात इख असते बाप्पा, ते चढलं. बिबा गरम करून लाव, पिकू दे, पिकल्याबिगर कोणी हात लावू नका." मी तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करतो, त्यामुळे दुखण्याखुपण्यात घरात माझं थोडंफार ऐकतात, पण आजीपुढे नाही. तरी ते इखाचं डोक्यातून जाईना, कारण बाभळीच्या काट्यात विष नसतंच, मग ती लाली, ती सूज, तो ठणका येतो कुठून? आपल्याच अंगातून येतो, पण हे नीट कळायला माणसाला दोन हजार वर्षं लागली, आणि ती हकीकत मला लय आवडते म्हणून लिहितोय.

आजीचं "पिकू दे" हे काही तिचं स्वतःचं नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सुजेच्या तीन अवस्था सांगितल्यात, आम, पच्यमान आणि पक्व, म्हणजे कच्ची, पिकत असलेली आणि पिकलेली, आणि कच्च्या सुजेला शस्त्र लावू नये हेही तिथंच आहे. तिकडे रोममध्ये इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या लेखकानं सुजेच्या चार खुणा लिहून ठेवल्या, लाली, फुगणं, उष्णता, वेदना. पाचवी खूण, म्हणजे तो अवयव कामातून जाणं, नंतर जोडली गेली, ती बरेच लोक गॅलन या जुन्या ग्रीक वैद्याच्या नावावर टाकतात पण ती नीट मांडली १८५८ मध्ये जर्मनीच्या रुडॉल्फ फिर्खोनं. बाबांची चप्पल पायात जाईना ती ही पाचवी खूण. पण हे सगळं बाहेरून दिसणारं झालं, आत काय चाललंय हे कोणालाच माहीत नव्हतं.

जॉन हंटर हा स्कॉटिश सर्जन, सैन्यात राहून त्यानं बंदुकीच्या गोळ्यांच्या जखमा भरपूर पाहिल्या. त्याचं पुस्तक तो गेल्यावर १७९४ मध्ये छापून आलं आणि त्यात त्याचं म्हणणं असं की सूज हा मुळात रोगच नाही, इजा झाल्यावर शरीर जे करतं ते हे आहे. त्या काळी हे बोलायला हिंमत पाहिजे, कारण सूज दिसली की रक्त काढा हा तेव्हाचा रिवाज होता. मग १८६७ मध्ये फिर्खोचाच शिष्य ज्युलियस कोनहाइम यानं जिवंत बेडकाच्या आतड्याचा पातळ पडदा सूक्ष्मदर्शीखाली ताणून धरला आणि पाहत बसला. रक्तवाहिन्या आधी रुंद झाल्या, रक्त संथ झालं, मग पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीला चिकटल्या आणि हळूहळू भिंतीतून बाहेर सरकल्या. म्हणजे पू हा त्या जागेवर तयार होत नाही, तो रक्तातून येतो. गुरूचं मत वेगळं होतं, तरी चेल्यानं पाहिलं तेच लिहिलं.

आता खरी काट्याची गोष्ट. रशियाचा प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना गावी राहत होता, समुद्रकाठी. एक दिवस घरची मंडळी सर्कशीतली माकडं पाहायला गेली आणि हा एकटा घरी तारामाशाच्या अळ्या सूक्ष्मदर्शीखाली पाहत होता, त्या पाण्यासारख्या पारदर्शक असतात, आतल्या फिरत्या पेशी सरळ दिसतात. त्याच्या डोक्यात आलं की या पेशी बाहेरून घुसलेल्या वस्तूवर चाल करून जात असतील का? अंगणातून गुलाबाचे काटे आणून त्यानं अळ्यांच्या कातडीखाली खुपसले. त्या रात्री त्याला झोप आली नाही आणि सकाळी पाहतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा. अळीला रक्तवाहिन्याच नाहीत, तरी गराडा पडला, म्हणजे हे काम फार जुनं, माणूस सोडा, बेडकाच्याही आधीचं. या पेशींना नाव पडलं भक्षक पेशी. मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हाच मला वाटलं होतं की हे आपल्या वावरात रोज घडतं, फक्त कोणी कातडीतून आत पाहिलं नाही.

त्यानंतर मात्र भांडण लागलं. जर्मनीतली मंडळी म्हणायची की लढाई रक्तद्रवात, अँटिबॉडीच्या, म्हणजे जंतूला चिकटणाऱ्या प्रथिनांच्या, जोरावर होते, पेशी नुसतं साफसफाईचं काम करतात. नोबेल समितीनं १९०८ मध्ये मेचनिकॉव्ह आणि त्या जर्मन बाजूचा पॉल एर्लिख दोघांना मिळून पारितोषिक दिलं, पण भाव चढला तो अँटिबॉडीचाच. लस, लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी, आठवण ठेवणारी प्रतिकारशक्ती, पुढची ऐंशी वर्षं संशोधन बहुतेक तिकडेच, आणि या भक्षक पेशींची जन्मजात प्रतिकारशक्ती म्हणजे नुसता धसमुसळा पहिला पहारा असं समजून बाजूला पडली. आपल्याकडे घरातल्या मोठ्या भावाचं होतं तसं, कामं सगळी त्याच्याच अंगावर, नाव लहान्याचं.

पण एक प्रश्न राहिला होताच. जंतू आलाय हे या पेशींना कळतं कसं?

१९८९ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठाच्या चार्ल्स जेनवे यांनी कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या परिषदेत आपल्याच धंद्यातलं गुपित उघड केलं. नुसतं शुद्ध प्रथिन टोचलं तर शरीर त्याकडे फारसं लक्ष देत नाही, सोबत मेलेले जंतू किंवा तुरटीच्या जातीचा अल्युमिनियमचा क्षार मिसळला तरच लस जोर धरते, आणि हे सगळे वापरतात पण का चालतं ते कोणी सांगत नाही. तुरटी म्हणजे तीच हो, पावसाळ्यात गढूळ पाण्यात फिरवतो ती. बाबांना आरोग्य केंद्रात धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, त्यातही अल्युमिनियमचा क्षार असतोच, दंड दोन दिवस दुखला तो काही फुकट नाही. जेनवेंचा अंदाज असा की आपल्या पेशींवर जन्मापासूनच काही ग्राहक रेणू असले पाहिजेत, जे जंतूंच्या अंगावर असणाऱ्या आणि आपल्या अंगात नसणाऱ्या खुणा ओळखतात, आणि त्यांनी हाळी दिल्याशिवाय पुढची फौज हलत नाही. तेव्हा हातात पुरावा काहीच नव्हता, नुसता तर्क.

पुरावा आला माशीतून. फळांवर घोंगावणाऱ्या बारक्या माशीत एक जनुक १९८० च्या दशकात सापडलं होतं, ते बिघडलं तर माशीच्या गर्भाची पाठ-पोट अशी रचनाच चुकते, आणि ते पाहून जर्मन शास्त्रज्ञ ख्रिस्टियानं न्यूसलाइन-फोलहार्ड यांच्या तोंडून निघालं "टोल!", म्हणजे आपल्या भाषेत "लय भारी!" नाव तेच पडलं. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला जूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत ब्रुनो लमेत्र आणि सोबत्यांनी दाखवलं की टोल नसलेल्या माश्या बुरशीनं मरतात, त्या माशीचा फोटो पाहिला तर अंगभर बुरशीचे केस, पावसात भिजलेल्या कडब्यावर येतात तसे. पुढच्याच वर्षी जेनवे आणि ताश्कंदहून आलेला रुसलान मेदझितोव्ह यांनी माणसातला टोल शोधला. आणि १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांनी उंदरांच्या अशा जातीतला दोष पकडला जी जंतूंच्या कवचातलं विष, म्हणजे एंडोटॉक्सिन, कितीही टोचा, ढिम्म राहायची. दोष टोलसारख्याच एका ग्राहकात निघाला, त्याचं नाव टीएलआर-४. असे दहा टोलसारखे ग्राहक माणसात आहेत. हॉफमन आणि बॉयटलर यांना २०११ चं नोबेल मिळालं, तिसरे राल्फ स्टाइनमन, ते घोषणेच्या तीन दिवस आधीच वारले होते आणि समितीला ते माहीतच नव्हतं. जेनवे त्याआधीच, २००३ मध्ये गेलेले.

तर बाबांच्या टाचेत झालं ते असं. काट्यासोबत मातीतले, कातडीवरचे जंतू आत गेले. कातडीखाली ठाण मांडून बसलेल्या मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशींच्या ग्राहकांनी ते ओळखले, पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन सुटलं, ते केंद्रकात शिरलं आणि हाकाटी देणारी रसायनं तयार व्हायला लागली, टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६. मास्ट पेशींनी हिस्टामाइन सोडलं, वाहिन्या रुंद झाल्या म्हणून लाली आणि गरमपणा, भिंती झिरपायला लागल्या म्हणून सूज, मज्जातंतू चाळवले म्हणून ठणका. सेल्ससच्या चारही खुणांचा हिशेब इथं लागला. वाहिनीच्या भिंतीनं न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, अडवले, ते बाहेर सरकले, कोनहाइमनं पाहिलं तसेच. मी बाबांचं रक्त लॅबमध्ये लावलं होतं, पांढऱ्या पेशी चौदा हजारांच्या वर, त्यात न्यूट्रोफिलच न्यूट्रोफिल, आणि सीआरपी, म्हणजे सूज आली की रक्तात वाढणारं प्रथिन, तेही वाढलेलं. हे सीआरपी कोरोनापासून गावात सगळ्यांना पाठ झालंय, पण ते सापडलं १९३० मध्ये, न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात, आणि इंटरल्युकिन-६ चा निरोप पोचला की यकृत ते बनवतं.

मग मुका मार लागला तर का सुजतं, तिथं तर जंतूच नाही? हा प्रश्न पॉली मॅटझिंगर यांनी १९९४ मध्ये उचलला, त्यांचं म्हणणं शरीर परक्यापेक्षा धोक्याला जास्त ओळखतं. पेशी फुटली की आतला माल बाहेर सांडतो आणि तोच इशारा ठरतो. त्यातही पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाचा डीएनए, कारण मायटोकाँड्रिया कोट्यवधी वर्षांपूर्वी जंतूच होते, ते बाहेर सांडले की शरीराला वाटतं जंतूच आले. जुनी ओळख पुसली जात नाही म्हणतात ती अशी.

हे कळत नसल्यामुळे आपल्याकडे एक घोळ दरवर्षी होतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात हत्तीपायाच्या गोळ्या वाटतात. लोक म्हणतात, "गोळी खाल्ली न् ताप भरला, गोळीच खराब हाय." मी रात्रीच्या रक्तनमुन्यांच्या फेरीत दोनदा गेलोय, रात्रीच जावं लागतं कारण हत्तीपाय ज्या कृमीनं होतो तिची पिल्लं रात्रीच वरच्या रक्तात येतात, काचेवर पाहिली तर वळवळ करताना दिसतात आणि माणूस समोर ठणठणीत उभा असतो. जिवंत कृमी शरीराला गप्प बसवून ठेवते. गोळीनं पिल्लं मेली की त्यांचे तुकडे आणि त्यांच्या पोटात राहणारे वोल्बाकिया नावाचे जंतू उघडे पडतात आणि मग सगळे ग्राहक एकदम हाकाटी देतात, म्हणून ताप, म्हणून अंग मोडून येणं. ज्याला ताप आला त्याच्या अंगात बहुधा कृमी होत्या. हे मी एका म्हाताऱ्याला समजावलं तर ते म्हणे, "म्हंजे बिमारी माही, न् ताप गोळीचा, न् लढाई माह्याच अंगाची, मले काहून विचारलं नाही कोणी?"

आता सूज थांबवण्याचं. एनएफ-कप्पा-बी हे १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधलं, सेन आपल्याकडचेच. एरवी हे प्रथिन दुसऱ्या एका प्रथिनानं बांधून ठेवलेलं असतं, आणि मोकळं झाल्यावर ते जी जनुकं चालू करतं त्यात त्या बांधणाऱ्याचंही जनुक असतं, म्हणजे दावं सुटलेला बैल स्वतःच नवं दावं वळतो. स्टिरॉइडची ताकद लोकांनी आधी पाहिली, १९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिझोन हे स्टिरॉइड दिलं आणि अंथरुणाला खिळलेली बाई काही दिवसांत चालायला लागली. ॲस्पिरिन १८९९ पासून बाजारात होतं, ते कसं चालतं हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये सांगितलं, सूज आणि वेदना आणणारं प्रोस्टाग्लँडिन हे रसायन बनणं थांबतं म्हणून. कोरोनात, जून २०२० मध्ये, ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्टिरॉइडनं व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू एक तृतीयांशानं कमी झाले, पण ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना फायदा नाही. आमच्या भागात मात्र पहिल्याच दिवशी घरी बसून स्टिरॉइडच्या गोळ्या खाल्लेले लोक मी पाहिले, शुगर चारशेच्या पुढे, आणि मग काळी बुरशी. पहारेकऱ्याला झोपवलं की बुरशीला दार उघडंच.

बरीच वर्षं समज असा होता की सूज आपोआप विझते. चार्ल्स सरहान यांनी १९८० च्या दशकापासून दाखवत आणलं की विझवणं हेही वेगळं काम आहे, त्याची वेगळी रसायनं आहेत, त्यातली रिझॉल्व्हिन ओमेगा-३ पासून बनतात. जवसाची चटणी खाणाऱ्यांनी लगेच खूश होऊ नका, जवसातलं ओमेगा-३ जरा वेगळं, शरीर त्यातलं थोडंच कामाचं करून घेतं. न्यूट्रोफिल एक-दोन दिवसांत मरतात, मॅक्रोफेज त्यांना गिळतात आणि गिळता गिळता स्वतःचा सूर बदलतात, भांडणाचा सोडून डागडुजीचा.

बाबांची टाच पाचव्या दिवशी फुटली. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं पू काढला, त्यासोबत काट्याचं टोक आलं, तांदळाच्या दाण्याहून बारीक. मी पू काचेवर घेऊन रंगवला, नजर जाईल तिथं फुटलेले न्यूट्रोफिल, काहींच्या पोटात गोल जंतूंचे घोस. फोटो काढून आजीला दाखवला, हे बघ, इख नव्हतं, हे आपलेच शिपाई. तिनं मोबाइल लांब धरून पाहिला न् म्हणाली, "बिब्यानंच निघाला ना पण."