तंबोऱ्याच्या कसोटीवर हेडफोन

घरी गाणं ऐकायला हेडफोन घ्यायचा असेल, तर दुकानात आधी तंबोरा ऐका. आवडत्या गायकाच्या ख्यालाची पहिली दोन मिनिटं मोबाइलवर असली तरी पुरे. दणदणीत ठेक्याच्या गाण्यात बहुतेक हेडफोन छानच वाटतात. तंबोऱ्यापुढे त्यांची खरी ओळख पटते.

काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात, गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्यात जोडाच्या (मधल्या दोन) तारा साधारण 139 हर्ट्झला (सेकंदाला इतकी कंपनं) लागतात आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, 69 हर्ट्झच्या आसपास. हा झाला पाया. त्यावर जवारीचं, म्हणजे तारेला झणकार देणारं काम. मिरजेचा कारागीर घोडीचा (तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा) माथा घासून किंचित गोलसर करतो, तारेखाली सुताचा दोरा सरकवतो, आणि त्या एका तारेतून दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वर झरू लागतात. तार ज्या बिंदूवर छेडली तिथे एखाद्या उपस्वराचा स्थिर बिंदू (जिथे त्या उपस्वरासाठी तार हलतच नाही) असेल, तर एरवी तो उपस्वर उमटत नाही. तंबोऱ्यात मात्र तोही ठळक ऐकू येतो, हे सर सी. व्ही. रामन यांनी 1921 साली दाखवलं होतं. म्हणजे एकाच वाद्यात खोल खर्जापासून काही हजार हर्ट्झपर्यंतचा सगळा पट मिळतो.

आता गंमत बघा. ज्या हेडफोनमधून 69 हर्ट्झ जेमतेमच निघतात, त्यातही खर्जाचा स्वर कळतो! 139, 208, 277 असे उपस्वर कानावर पडले की मेंदू त्यांचा समान पाया शोधून काढतो आणि जो स्वर जवळपास वाजलाच नाही तो ‘ऐकतो’. स्वर ओळखू येतो, पण खोली भरून टाकणारी गाज येत नाही. म्हणून खर्ज भरीव वाटतो का, हे पाहा. आपला चष्मा घालूनच पाहा, कारण बंद पाठीच्या (कप मागून बंद असलेल्या) हेडफोनमध्ये काडीजवळ गादीला फट राहिली, की हवा निसटते आणि सगळ्यात आधी खर्जच पातळ होतो.

खोक्यावर छापलेल्या ‘20 ते 20,000 हर्ट्झ’वर विसंबू नका. त्या पट्ट्यात कुठे चढ आहे नि कुठे उतार, हे त्यातून कळत नाही. आपल्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटीमीटर लांब, एका टोकाला पडद्याने बंद. अशी नळी 3000 हर्ट्झच्या आसपास घुमते. समोर बसून गाणाऱ्याचा आवाज पाळीवरून, नळीतून हा उठाव घेऊनच पडद्यापर्यंत पोचतो. हेडफोनने तिथे तसाच उठाव दिला नाही, तर गायकाचे शब्द आणि जवारीची झळाळी, दोन्ही मंदावतात.

उघड्या पाठीचे हेडफोन जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने 1968 साली बाजारात आणले, एचडी 414 या नावाने. हेडफोनमधल्या कंपणाऱ्या पडद्यामागचा आवाज कपात कोंडून परत आदळत नाही, त्यामुळे गाणं मोकळं वाटतं. शांत खोली असेल तर माझं मत निःसंशय याच बाजूला. शेजारी कुणी झोपलेलं असेल किंवा कुकरच्या शिट्ट्या चालू असतील, तर मात्र बंद पाठीचाच घ्यावा, कारण उघड्या पाठीतून आवाज बाहेर जातो तसा आतही येतो. 300 ओहमचे (जास्त विद्युतरोधाचे) हेडफोन मोबाइलवर बहुधा दबलेले वाजतात. वेगळा अॅम्प्लिफायर घेणार नसाल, तर 32 ओहमच्या आसपासचे बघा.

आवाज किती ठेवायचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालतात. दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे 83 ला 20 तास, 86 ला 10. ख्याल ऐकताना चूक होते ती सुरुवातीलाच. आलाप हळुवार, म्हणून आपण आवाज वाढवतो, आणि अर्ध्या तासाने द्रुतातल्या (जलद लयीतल्या) ताना नि तबला त्याच पातळीवर कानावर येतात. आधी द्रुताकडे जाऊन आवाज सोसवेल असा लावा, आणि मग मागे येऊन आलाप ऐका.