मान्सूनचं धुराडं

आषाढात आंबोलीच्या घाटात उभं राहिलं, की वाटतं डोक्यावरचा ढग थेट आभाळाच्या छताला टेकला असणार. एवढा पाऊस ओततोय म्हणजे ढगही तेवढाच उंच! प्रत्यक्षात सह्याद्रीवर पाऊस देणारे बरेचसे ढग बुटके असतात. समुद्रावरून आलेला वारा डोंगराला धडकतो, थोडा वर चढतो आणि तिथेच रिता होतो. मे महिन्यातला वळवाचा ढग त्यांच्यापेक्षा कितीतरी उंच असतो, मग तो शिवारात चार थेंब टाकून का निघून जाईना.

मान्सूनचे खरे उंच ढग उठतात ते बंगालच्या उपसागरावर, गंगेच्या मैदानात आणि हिमालयाच्या पायथ्याशी. तिथल्या हवेला तासाभरात १२-१४ किलोमीटरची उंची गाठता येते. त्याच्याही वर, १६-१७ किलोमीटरवर, तपांबर, म्हणजे पाऊस-ढगांचा खालचा थर, संपतं आणि त्यावरचा स्थिर थर, स्थितांबर, सुरू होतं. या सीमेला तपस्तब्धी म्हणतात. तिच्या पलीकडे उंचीबरोबर हवा गार होत नाही, उलट गरम होत जाते. त्यामुळे खालून आलेला ढग तिथे पोहोचला, की आजूबाजूच्या हवेपेक्षा जड ठरतो, वर जायचं सोडून आडवा पसरतो आणि त्याच्या माथ्याची लोहाराच्या ऐरणीसारखी पाटी होते.

हे छत नुसतं अडवत नाही, पाणीही गाळून घेतं. जुलैत कोकणातल्या हवेच्या दहा लाख रेणूंमध्ये पाण्याचे सुमारे तीस हजार असतात. स्थितांबराच्या तळाशी उरतात जेमतेम चार-पाच. ॲलन ब्रुअर या इंग्लिश शास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानातून इंग्लंडवरच्या उंच हवेतली वाफ मोजली आणि तो चक्रावला. ती हवा इतकी कोरडी होती, की आधी कुठेतरी उणे ८० अंशांच्या आसपास गोठून आली असल्याशिवाय तिचा हिशोब लागेना. एवढी कडाक्याची थंडी मुख्यतः विषुववृत्तीय पट्ट्यावरच्या तपस्तब्धीत असते. म्हणजे स्थितांबरात शिरण्याचा मुख्य दरवाजा तिथे आहे, आणि त्यातून जाताना पाणी बर्फ होऊन खाली गळतं, असा निष्कर्ष त्याने १९४९ मध्ये मांडला.

पण उपग्रहांच्या नकाशावर उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात या कोरड्या छतावर दोन ओले डाग दिसतात. एक आशियावर, दुसरा उत्तर अमेरिकेवर. दोन्हीकडे मान्सून आहे, मात्र पाणी वर नेण्याची तऱ्हा वेगळी आहे.

अमेरिकेत काम दांडगाईने होतं. तिथल्या मैदानी प्रदेशावर तपस्तब्धी जरा खाली असते आणि वादळं आडदांड. वेगाने वर आलेली हवा थांबायच्या जागी थांबत नाही, छत फोडून काही किलोमीटर वर घुसते आणि परत बसते. तेवढ्यात तिच्यातले बर्फाचे कण वरच्या कोरड्या, उबदार हवेत विरून वाफ होतात. २०२१ आणि २०२२ च्या उन्हाळ्यात नासाचं ईआर-२ विमान कॅन्सस राज्यातून उडून याच वादळांच्या माथ्यावरची हवा मोजत होतं.

आपल्याकडे काम सबुरीने चालतं. ढगांत वाफेचं पाणी होताना जी प्रचंड उष्णता सुटते, तिच्यामुळे तिबेट ते इराण अशा पट्ट्यात, उंचावर, हवेचा एक अवाढव्य भोवरा तयार होतो. जमिनीवर कमी दाब आणि वर जास्त दाब असा हा उफराटा कारभार. भोवरा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्याच्या दक्षिण कडेचा पूर्वेकडून येणारा वेगवान झोत भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये दाखवून दिला. खाली मुंबईत नैर्ऋत्येचा वारा छत्री उलटी करत असतो, तेव्हा वर १४ किलोमीटरवर वारा नेमका उलट दिशेने धावत असतो!

ढगांनी वर फेकलेली हवा या भोवऱ्यात कोंडली जाते. बाहेर पडायला सहजी वाट नाही, म्हणून फिरत फिरत, कित्येक आठवडे घेत, ती वर सरकते. ढग हे धुराडं, भोवरा त्यावरची कोठी. कोठीच्या कडा फाटून मधूनच हवेचे लोट पश्चिम आशियाकडे किंवा जपानच्या दिशेने सुटतात.

धुराड्यातून एकटं पाणी कसं जाईल? २०११ मध्ये कॅलिप्सो उपग्रहाच्या लेझर नोंदींत पूर्व भूमध्य समुद्रापासून पश्चिम चीनपर्यंत पसरलेला, १३ ते १८ किलोमीटर उंचीवरचा सूक्ष्म कणांचा थर सापडला. तो फक्त पावसाळ्यात असतो. इस्रो आणि नासाने हैदराबादहून फुगे सोडून त्याचे नमुने घेतले. २०१७ मध्ये काठमांडूहून जिओफिजिका हे जुनं रशियन टेहळणी विमान त्या थरात शिरलं, आणि तिथे अमोनियम नायट्रेट मिळालं. त्यातला अमोनिया मुख्यतः शेतीतून येतो, खतांतून आणि गोठ्यांतून. तो पाण्यात सहज विरघळतो, तेव्हा पावसाने धुऊन खाली यायला हवा होता. तरी त्यातला थोडा ढगांच्या तावडीतून निसटतो. शेतात टाकलेल्या युरियाचा अंश आभाळाच्या छतापाशी भेटावा, हे मला अजूनही पटकन पचत नाही.

दक्षिण कोरियातून २०२२ मध्ये झालेल्या उड्डाणांत डायक्लोरोमेथेनसारखी क्लोरीनयुक्त रसायनं वर भरपूर सापडली. हे उद्योगांत आणि रंग काढण्यासाठी वापरलं जाणारं द्रावक. ते साधारण सहा महिन्यांत हवेत नष्ट होतं, ओझोनच्या थरापर्यंत पोहोचणार नाही असं मानलं गेलं, म्हणून ओझोन वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल कराराच्या यादीत ते नाही. मान्सूनचं धुराडं त्याला काही आठवड्यांत तिथे नेऊन सोडतं.