एक लाखाच्या गावाला संघ कसा परवडतो?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन बे नावाचं शहर आहे. लोकसंख्या जेमतेम १ लाख ७ हजार. पण तिथल्या लॅम्बो फील्डवर ८० हजारांहून जास्त प्रेक्षक बसतात आणि गावचा ‘पॅकर्स’ संघ राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये (म्हणजे हाताने चेंडू घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य स्पर्धेत) न्यूयॉर्क-शिकागोच्या तोडीस तोड खेळतो. बेसबॉल आणि बास्केटबॉलचे व्यावसायिक संघ बघायला मात्र ग्रीन बेकरांना १९० किलोमीटरवरच्या मिलवॉकीला जावं लागतं.

असं का? जर्मन भूगोलतज्ज्ञ वाल्टर क्रिस्टालर यांनी १९३३ साली मांडलं होतं की प्रत्येक सेवेला टिकण्यापुरतं किमान गिऱ्हाईक लागतं. किराणा दुकान खेड्यातही चालतं, सराफी पेढीला तालुक्याचं गाव लागतं. खेळांच्या बाबतीत हा किमान आकडा ठरतो तो वर्षात किती वेळा मैदान भरायचं यावर. फुटबॉल संघाचे घरच्या मैदानावर हंगामात ८ किंवा ९ सामने, तेही बहुतेक रविवारी. तेवढ्यासाठी लोक राज्यभरातून गाडी हाकत येतात. बेसबॉलचे घरचे सामने ८१! मंगळवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर येणारा प्रेक्षक तासाभराच्या अंतरावरच राहायला हवा, म्हणजे महानगरच हवं.

दुसरं कारण पैशाचं. १९६१च्या एका कायद्यामुळे फुटबॉल लीगला टीव्हीचे हक्क एकत्र विकता आले आणि ती रक्कम सगळ्या संघांत सारखी वाटली जाते. शिवाय पॅकर्सचा मालक कोणी धनाढ्य नाही. लाखो सामान्य भागधारक आहेत आणि त्यांना लाभांश मिळत नाही. संघ उचलून दुसरीकडे नेण्यात कुणाचाच फायदा नाही.

प्रवासाच्या साधनांनीही नकाशा घडवला. १९०३ ते १९५२ या काळात बेसबॉलच्या दोन मुख्य लीगचे १६ संघ अवघ्या १० शहरांत होते आणि देशाच्या मध्यावरच्या सेंट लुईसच्या पश्चिमेला एकही नव्हता, कारण संघ रेल्वेने फिरत. विमानप्रवास रुळल्यावर १९५८ मध्ये ब्रुकलिनचा डॉजर्स लॉस एंजेलिसला गेला आणि न्यूयॉर्कचा जायंट्स सॅन फ्रान्सिस्कोला.

तरीही हा सगळा बाजाराचा खेळ म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. नव्या संघाला प्रवेश द्यायचा की नाही, हे जुन्या संघांचे मालकच ठरवतात. त्यामुळे संघ कमी आणि इच्छुक शहरं जास्त, अशी टंचाई कायम राहते. मग मालक आपल्या शहराला बजावतो, ‘नवं स्टेडियम बांधून द्या, नाहीतर निघालो.’ १९९५ ते २०१५ लॉस एंजेलिससारख्या अवाढव्य शहरात फुटबॉल लीगचा एकही संघ नव्हता. ते रिकामं शहर इतर गावांना धमकावायला फार उपयोगी पडलं. करदात्यांच्या पैशातून उभी राहिलेली अशी स्टेडियम सहसा खर्च भरून काढत नाहीत, असंच बहुतेक अर्थशास्त्रज्ञ सांगतात.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडने याची पुरेपूर किंमत मोजली. २०१९ मध्ये बास्केटबॉलचा वॉरियर्स खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेला, २०२० मध्ये फुटबॉलचा रेडर्स लास वेगासला, आणि २०२४च्या हंगामानंतर बेसबॉलचा अ‍ॅथलेटिक्सही गेला. लास वेगासमधलं स्टेडियम तयार होईपर्यंत अ‍ॅथलेटिक्सने वेस्ट सॅक्रामेंटोतल्या दुय्यम लीगच्या छोट्या मैदानावर बस्तान ठेवलंय. संघाच्या नावापुढे सध्या कुठल्याच शहराचं नाव लावलेलं नाही.